मोबाईलमधला घरभेदी



रात्री अंथरुणाला पाठ टेकण्यापूर्वी तुम्ही गोठ्याचे फाटक लावता, धान्याच्या कोठीला कुलूप घालता, अंगणात कुत्रा सोडता. पण जरा विचार करा, आज घरातली खरी कोठी कोठे आहे? सोयाबीनच्या पट्टीचे पैसे बँकेत जमा होतात. दुधाचा पगार खात्यावर येतो. पीकविमा, अनुदान, बचत गटाचे कर्ज, सारे खात्यावरच. आणि त्या खात्याची किल्ली असते खिशातल्या मोबाईलमध्ये. म्हणजे कोठीची किल्ली आपण बांधाबांधाने, बाजारातून, एसटीतून घेऊन हिंडतो. चोरांना हे कधीच कळून चुकले आहे. त्यांनी भिंतीला भोक पाडायचे सोडून दिले आणि नवी विद्या शिकून घेतली. त्या विद्येचे नाव ‘ट्रोजन’. आज तिचीच ओळख करून घेऊ.

हे नाव आले कोठून?

ग्रीक लोकांच्या जुन्या कथेत ट्रॉय नावाचे एक तटबंदीचे शहर आहे. ही जागा आजच्या तुर्कस्थानात येते. ग्रीक सैन्याने त्याला दहा वर्षे वेढा घातला, पण तट काही पडेना. शेवटी त्यांनी एक मोठा लाकडी घोडा बनवला, त्याच्या पोटात निवडक सैनिक लपवले, घोडा वेशीबाहेर ठेवला आणि माघार घेतल्याचे सोंग केले. शहरातले लोक खूश झाले. त्यांनी स्वतःच्या हातांनी तो घोडा ओढून आत नेला. रात्री पोटातले सैनिक बाहेर पडले, त्यांनी आतून दरवाजे उघडले आणि शहर बुडाले.

आपल्याला इतके लांब जायचीही गरज नाही. रावण दहा तोंडांनिशी पंचवटीत आला असता, तर सीतामाईने पाऊल बाहेर टाकले असते काय? तो आला गोसाव्याच्या वेशात, भिक्षा मागत. दारात आलेल्याला विन्मुख पाठवू नये हा सीतामाईचा धर्म होता. रावणाने घात केला तो त्याच धर्माच्या आडून.

संगणकातला आणि मोबाईलमधला ट्रोजन असाच असतो. वरून कामाची, चांगली वस्तू दिसते आणि पोटात चोर असतो. साथीच्या रोगासारखा आपोआप शिरणारा आणि पसरणारा संगणक विषाणू वेगळा. ट्रोजनला आत यायला घरच्या माणसाने दार उघडावे लागते. बंधूंनो, ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. दार आपल्या हाताने उघडते, म्हणून ते बंद ठेवणेही आपल्याच हातात आहे.

चाळीस वर्षांच्या आतबाहेरची चोरी

हा प्रकार आजचा नाही. १९८९ साली जगातल्या अनेक देशांत सुमारे २० हजार लोकांना टपालाने एक फ्लॉपी, म्हणजे त्या काळची संगणकाची चकती, आली. एड्स या रोगाची माहिती असे वर लिहिलेले. लोकांनी विश्वासाने ती संगणकात घातली. काही दिवस सारे सुरळीत चालले. मग संगणक ठरावीक वेळा चालू झाला, की आतली नावनिशी गायब होई आणि पडद्यावर मागणी येई : पनामा देशातल्या टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवा. ती पहिली गाजलेली ट्रोजन खंडणी.

पुढे चोर अधिक हुशार झाले. खंडणी मागितली की घरधनी जागा होतो. त्यापेक्षा गुपचूप बसावे आणि किल्ली चोरावी, असे त्यांनी ठरवले. २००७ च्या सुमारास ‘झ्यूस’ नावाचा ट्रोजन उघडकीला आला. तो ईमेलबरोबर आलेल्या खोट्या बिलातून किंवा पत्रातून संगणकात शिरे आणि मुकाट बसून राही. घरधन्याने बँकेचे पान उघडले की हा जागा होई. कोणते बटण दाबले, कोणता गुप्त शब्द लिहिला, सारे टिपून चोराला धाडी. इतकेच नव्हे, तर बँकेच्या खऱ्या पानावर तो स्वतःची एक जादा चौकट डकवी आणि तेथे पिन नंबर मागे. माणसाला वाटे, बँकच विचारते आहे. अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने ऑक्टोबर २०१० मध्ये जाहीर केले, की झ्यूस वापरणाऱ्या एका टोळीने सुमारे ७ कोटी डॉलर पळवले होते. लुटले गेले त्यांत छोटे कारखानदार होते, लहान गावांच्या नगरपालिका होत्या, चर्चही होती. “आमच्याकडे काय आहे चोरायला?” असे म्हणणारेच पहिले नागवले गेले.

आपल्या दारी कोणत्या वेशात येतो?

आता आपल्या गावाकडे वळू. आपल्याकडे संगणक थोडे, मोबाईल घरोघर. म्हणून येथला ट्रोजन मोबाईलमधून येतो, आणि तोही बहुधा व्हॉट्सॲपवर फाईल बनून. त्याचे वेश पाहा :

पीएम किसान योजनेच्या हप्त्याची यादी किंवा ई-केवायसी. वर्षाला ६ हजार रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत देणारी ही योजना २०१९ पासून चालू आहे. हप्ता अडकला की माणूस कासावीस होतो, हे चोराला ठाऊक असते.

गाडीवर दंड झाल्याचे ‘आरटीओ चलन’. मोटारसायकल कोणाच्या घरी नाही?

बँक खाते बंद पडेल, आज रात्री वीज तोडली जाईल, गॅसचे अनुदान थांबेल, अशी घाबरवणारी सूचना.

आणि सर्वांत गोड वेश म्हणजे लग्नपत्रिका. २०२५ साली हिंगोली जिल्ह्यात अशाच एका पत्रिकेच्या नावाने आलेली फाईल उघडली गेली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. आमंत्रण आले की उघडून पाहणे ही आपली रीत. चोराने त्या रीतीचाच फायदा घेतला.

सरकारी खात्याचा वेशही जुना आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संगणक सुरक्षा संस्थेने ‘ड्रिनिक’ नावाच्या ट्रोजनबद्दल इशारा दिला. आयकराचा परतावा मिळेल असे सांगून तो मोबाईलमध्ये शिरत असे. २७ हून अधिक बँकांचे ग्राहक त्याच्या रोखात होते. २०१६ च्या सुमारास हाच ड्रिनिक नुसते एसएमएस चोरत असे. पाच वर्षांत तो बँकेचे खोटे पान दाखवण्यापर्यंत पोचला. बोंडअळीला जशी फवारणीची सवय होते, तशी चोरही आपली जात सुधारून घेतो.

फाईल ओळखायची कशी?

येथे थोडे नीट लक्ष द्या, कारण सगळे मर्म यात आहे.

फोटो, कागद किंवा चित्रफीत आपण नुसती पाहतो. ॲप मात्र मोबाईलमध्ये बसवावे लागते; ते घरात वस्तीला येते. पाहुणा ओसरीवर बसून गेला आणि गडी घरात राहायला आला, यांत जो फरक, तोच येथे आहे. ॲपच्या फाईलच्या नावाशेवटी एक टिंब आणि त्यापुढे ए, पी, के ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. खऱ्या लग्नपत्रिकेच्या शेवटी फोटोची किंवा पीडीएफची अक्षरे असतात. पत्रिका, यादी, चलन किंवा पावती ‘एपीके’ कशी असेल? पत्रिका कागद आहे, ती गडी म्हणून घरात राहायला येत नसते. व्हॉट्सॲपवर कोणत्याही नावाने आलेल्या फाईलच्या शेवटी एपीके दिसले, की समजा, गोसाव्याच्या वेशातला रावण दारात आहे.

आणखी एक. “पण फाईल तर माझ्या मामेभावाने पाठवली होती!” असे पुष्कळजण म्हणतात. बंधूंनो, मामेभावाने काहीच पाठवलेले नसते. त्याच्या मोबाईलमध्ये ट्रोजन आधीच शिरलेला असतो, त्याचे व्हॉट्सॲप चोराच्या ताब्यात गेलेले असते आणि तेथून ती फाईल सगळ्या नातलगांना, गावाच्या ग्रुपला, भजनी मंडळाला गेलेली असते. पाठवणाऱ्याचे नाव ओळखीचे आहे, एवढ्यावर भरवसा ठेवू नका. एक फोन करून विचारा, “दादा, तू काही पाठवलंयस का?”

आत शिरल्यावर काय करतो?

फाईलवर बोट लागले, की खरे तर मोबाईल स्वतः आडवा येतो. ‘ही फाईल अनोळखी ठिकाणची आहे, बसवायची का?’ असे तो विचारतो. ही आपली लक्ष्मणरेषा. पत्रिका पाहायच्या घाईत माणूस ‘होय’ दाबतो आणि रेषा ओलांडतो.

मग ॲप परवानग्या मागते. एसएमएस वाचू का? होय. फोनबुक पाहू का? होय. मग ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाची एक परवानगी मागते. ज्यांना कमी दिसते किंवा ज्यांचे हात नीट चालत नाहीत त्यांच्या सोयीसाठी ती केलेली आहे. ती एकदा मिळाली, की ॲपला पडद्यावरचे सारे वाचता येते आणि आपल्याऐवजी बटणेही दाबता येतात. घरात आलेल्या गड्याला आपण तिजोरीजवळच झोपायला जागा दिली म्हणायची.

यानंतर ते ॲप बहुधा अदृश्य होते. त्याचे चिन्हच दिसत नाही. माणसाला वाटते, पत्रिका उघडलीच नाही, जाऊ दे. इकडे आत काम चालू. काही ट्रोजन सरकारी वाटणारे पान दाखवून आधार क्रमांक, एटीएम कार्डाचा क्रमांक, पिन भरून घेतात. काही बँकेच्या ॲपवर आपले खोटे पान झाकून ठेवतात. बँकेचा ओटीपी आला, की तो चोराकडे जातो, आणि काही वेळा आपल्याला दिसण्यापूर्वीच पुसला जातो.

आता तुमच्या ध्यानात येईल, की “मी ओटीपी कोणाला सांगितलाच नाही, तरी पैसे गेले कसे?” असे लोक रडून का सांगतात. ते खोटे बोलत नसतात. ओटीपी सांगू नका, हा उपदेश आपण सर्वांनी पाठ केला. पण चोर घरातच बसला असेल, तर त्याला सांगायची गरजच काय? त्यामुळे ओटीपी जपणे जितके महत्त्वाचे, तितकेच घरभेद्याला आत न घेणे महत्त्वाचे.

संगणक असेल तेथे

दूध संस्थेत, विकास सोसायटीत, कृषी सेवा केंद्रात, शाळेत संगणक असतात. तेथे ट्रोजनच्या वाटा तीन. पहिली ईमेलबरोबर आलेली फाईल. वर ‘बिल’, ‘कोटेशन’ असे लिहिलेले, पण नावाच्या अगदी शेवटी इ, एक्स, इ ही अक्षरे. दुसरी वाट फुकटचे चोरटे सॉफ्टवेअर. हिशेबाचा किंवा मराठी टायपिंगचा कार्यक्रम पैसे वाचवण्यासाठी कोठून तरी ‘क्रॅक’ करून आणला जातो. वाळवी लागलेले लाकूड स्वस्त मिळाले म्हणून कोणी घराला वासा करीत नाही. तिसरी वाट पेनड्राईव्ह. दहा संगणकांना लावलेला पेनड्राईव्ह अकराव्याला लावण्यापूर्वी तपासून घ्यावा.

संस्थेच्या संगणकावर शेकडो सभासदांची खाती, आधार क्रमांक आणि सह्या असतात. सभासदांनी वार्षिक सभेत सचिवांना जरूर विचारावे : संगणक अद्ययावत ठेवता का? विषाणूरोधक कार्यक्रम आहे का? हिशेबाची दुसरी प्रत वेगळी ठेवता का? हा प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे, ती राखण आहे. सर्ट-इनच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’कडून संगणक आणि मोबाईल तपासण्याची साधने विनामूल्य मिळतात. हे केंद्र २०१७ मध्ये सुरू झाले.

आजच करावयाची कामे

१. व्हॉट्सॲपवर, एसएमएसवर किंवा अनोळखी दुव्यावरून आलेले कोणतेही ॲप बसवू नका. ॲप हवे असेल तर ते प्ले स्टोअरवरूनच घ्या, आणि तेथेही कोणी बनवले ते वाचा.

२. मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘अज्ञात ॲप्स इंस्टॉल करा’ असे पान असते. तेथे व्हॉट्सॲप, ब्राउझर वगैरे सर्वांपुढची परवानगी बंद करा. घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला हे काम सांगा.

३. प्ले स्टोअरमधले ‘प्ले प्रोटेक्ट’ चालू ठेवा. जो कोणी ते बंद करायला सांगेल, तो तुमचा हितचिंतक नाही.

४. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो आणि फाईली आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद ठेवा. त्याच ॲपमध्ये ‘टू-स्टेप’ पिन लावा, म्हणजे तुमचे व्हॉट्सॲप दुसऱ्याला सहजी पळवता येणार नाही.

५. मोबाईलचे अपडेट टाळू नका. ती छपराची डागडुजी आहे.

६. हप्त्याची चौकशी कृषी कार्यालयात किंवा सेवा केंद्रात करा, दंडाची परिवहन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर, आणि खात्याची स्वतः बँकेत जाऊन.

७. रोजच्या देवघेवीसाठी एक खाते आणि साठवणीसाठी दुसरे ठेवा. साठवणीचे खाते मोबाईलला जोडू नका. सगळे बियाणे एकाच वाफ्यात कोणी टाकत नाही.

घात झालाच तर

फाईल उघडली गेली आणि शंका आली, तर घाबरून बसू नका, हात चालवा.

प्रथम मोबाईलचे इंटरनेट तोडा. विमानाचे चिन्ह असते ते दाबा किंवा मोबाईलच बंद करा. मग दुसऱ्या मोबाईलवरून लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. तेथे तक्रार नोंदली, की पैसे ज्या बँकेत गेले तिला कळवून ते काढून घेण्यापूर्वी अडवण्याचा प्रयत्न होतो. पाणी पाटातून वाहून जाण्यापूर्वी दारे धरावे, तसे हे आहे. उशीर झाला, तर पैसे पाच-दहा खात्यांतून पुढे गेलेले असतात. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते.

त्याबरोबर आपल्या बँकेला कळवून खाते आणि कार्ड थांबवा, आणि कळवल्याची तारीख, वेळ, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिले आहे, की ग्राहकाने बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील त्यांचा भार बँकेने सोसायचा. त्या तारखेची आणि वेळेची किंमत यावरून समजा.

आलेल्या संदेशाचा फोटो दुसऱ्या मोबाईलने काढून ठेवा. तक्रार नोंदवून झाल्यावरच, पोलिसांना विचारून, जाणकाराकडून मोबाईल पूर्ण कोरा करून घ्या. नुसते चिन्ह पुसून भागत नाही. सर्व पासवर्ड आणि पिन दुसऱ्या, स्वच्छ मोबाईलवरून बदला. गावच्या ग्रुपलाही सांगा, म्हणजे तुमच्या नावाने गेलेली फाईल दुसरा कोणी उघडणार नाही.

चोरीला खाते भाड्याने देऊ नका

आता एक कडू गोष्ट. चोरलेले पैसे चोर स्वतःच्या खात्यात घेत नाही. २०१० च्या त्या झ्यूस प्रकरणातही टोळीने भलत्याच लोकांची, पुष्कळशी तरुण पोरांची, खाती वापरली होती आणि पकडले गेले त्यांत तीच पोरे मोठ्या संख्येने होती. “तुझे पासबुक, एटीएम आणि सिमकार्ड दे, महिन्याला चार पैसे देतो,” असे सांगणारे आपल्याकडेही फिरतात. तरुणांनो, त्या चार पैशांसाठी तुमच्या नावावर गुन्हा दाखल होतो, खाते गोठते, आणि ज्याने ते वापरले तो हाती लागत नाही. शिवाय ते पैसे दुसऱ्या कोणा शेतकऱ्याच्या मुलीच्या लग्नाचे असू शकतात.

शेवटी घरातल्या कर्त्या माणसांना एकच विनंती. आजीच्या, वडिलांच्या किंवा सुनेच्या हातून अशी फाईल उघडली गेली, तर रागावू नका. “तुला अक्कल नाही का?” असे एकदा म्हटले, की पुढच्या वेळी तो माणूस भीतीने लपवील, आणि लपवण्यात गेलेली रात्र चोराला पुरेशी होते. विंचू चावला म्हणून आपण कोणाला रागावत नाही. धावत जाऊन औषध करतो. येथेही तसेच करा. फसलेला माणूस गुन्हेगार नाही, त्याने लवकर सांगावे असे घर त्याला मिळाले पाहिजे.

हा लेख वाचून झाल्यावर ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. बचत गटाच्या बैठकीत, दूध घालायला गेल्यावर रांगेत, पारावर हा विषय काढा. १९३० हा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवा. आणि मोबाईलने ‘बसवायचे का?’ असे विचारले, की बोट क्षणभर उचला. दारात कोण उभे आहे, ते आधी पाहा.